पाटी कुणासाठी?



गेल्या महिन्यात एका रात्री अमेरिकेहून फोन आला. फोन करणारा आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण. दहा-बारा वर्षांपूर्वी तो आपल्या वेदीवर सेवक म्हणून उभा राहत असे, आता तिथल्या एका मोठ्या शहरात रुग्णालयात रात्रपाळीची नोकरी करतो. घरची ख्यालीखुशाली झाल्यावर तो म्हणाला, "फादर, एक विचारायचं होतं. लहानसंच आहे, पण मनातून जात नाही."

गोष्ट खरोखरच लहान होती. सोमवारी रात्री कामावर जाताना त्याने मित्राच्या गाडीतून जायचे ठरवले आणि आपली गाडी घराजवळच्या रस्त्याच्या कडेला लावली. सकाळी परत येऊन पाहतो, तर काचेवर वायपरखाली दंडाची पावती. मंगळवारी सकाळी तो रस्ता झाडण्यासाठी यंत्राची गाडी येते, त्या दीड तासात तिथे वाहन उभे करायचे नसते. तो चिडला. गाडीजवळ तर एकही पाटी नव्हती. पुढे चालत गेल्यावर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका खांबावर पाटी सापडली, तीही झाडाच्या फांदीआड निम्मी लपलेली. त्याने फोटो काढला. दंडाविरुद्ध अर्ज करता येतो, आणि असा फोटो जोडला तर दंड माफ होण्याचा बराच संभव आहे असे मित्रांनीही सांगितले.

"मग अडचण काय?" आम्ही विचारले.

तो थोडा थांबला. म्हणाला, "फादर, मी त्या रस्त्यावर आठ महिने राहतोय. मंगळवारी झाडणारी गाडी येते हे मला माहीत होतं. त्या रात्री फक्त विसरलो. पाटी दिसत नव्हती हे खरंच आहे. पण ते मी लिहिलं, तर मी खोटं बोललो का?"

आम्ही पटकन म्हणालो, "अरे, दंड भरून टाक आणि विसरून जा." फोन ठेवल्यावर मात्र आमचेच आम्हाला बरे वाटले नाही. मुलाने प्रश्न विचारला होता, आणि आम्ही त्याला उत्तर न देता वाटेला लावले होते. त्यानंतर काही दिवस आम्ही त्यावर विचार केला. त्याच्या परवानगीने, त्याचे नाव न देता, तो विचार आज तुमच्यापुढे मांडत आहोत. रस्त्यावरच्या एका पाटीवर रविवारच्या पत्रकात एवढे लिहिण्याचे कारण काय, असे तुम्हाला वाटेल. ते कारण शेवटी आमच्याच अंगावर आले, म्हणून लिहीत आहोत.

नियम काय आहे?

आपल्याकडे रस्ता झाडतात तो माणसाच्या हाताने, खराट्याने. उभ्या गाडीच्या खालूनही खराटा फिरवता येतो. अमेरिकेतील मोठ्या शहरांत हे काम यंत्राच्या गाडीने होते. कचरा साचतो तो फुटपाथच्या कडेला, आणि वाहनेही तिथेच उभी असतात. एक गाडी उभी असली तर यंत्राला तिला वळसा घालावा लागतो, आणि तिच्या पुढचा व मागचा थोडा भागही झाडल्यावाचून राहतो. पाने आणि कागद मग पावसाच्या पाण्याबरोबर गटाराच्या तोंडाशी जाऊन बसतात. गटाराची तोंडे बुजली की काय होते हे आपल्याला अमेरिकेहून कुणी सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये वसईत दिवसेंदिवस पाणी साचले होते, त्याची आठवण प्रत्येक घरात आहे.

यावर न्यूयॉर्क शहराने १९५० साली उपाय काढला. रस्त्याच्या एका बाजूची वाहने ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी हलवायची, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी. तिथल्या पाटीवर पी हे अक्षर असते आणि त्यावरून आडवा गेलेला झाडू. नियम मोडल्यास ६५ डॉलर दंड. त्यात एक गोष्ट वाचून आम्हाला गंमत वाटली. सणांच्या दिवशी हा नियम स्थगित असतो, आणि त्या यादीत राखेचा बुधवार, गुड फ्रायडे, प्रभूचे स्वर्गारोहण, सकल संतांचा सण, अमलोद्भव मरियेचा सण हे सारे आहेत. आपल्या दिवाळीचा आणि मुसलमान बांधवांच्या ईदचाही त्यात समावेश आहे. भक्ताला प्रार्थनेला जाताना गाडीची चिंता नको, एवढी काळजी त्या नियमाने घेतली आहे.

म्हणजे नियम चांगला आहे, सर्वांच्या हिताचा आहे. प्रश्न पाटीचा आहे. ती कुठे असावी?

याबाबत तिथे दोन प्रकार दिसतात. न्यूयॉर्कच्या वाहतूक नियमांनुसार एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतच्या फुटपाथवर कुठेही एक पाटी असली की ती पुरेशी सूचना मानली जाते. ती शोधणे हे वाहन लावणाऱ्याचे काम. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याचा रोख वेगळा आहे. रस्ते झाडण्यासाठी केलेली वाहनबंदी पाटी लागेपर्यंत अमलातच येत नाही. एक तर ठरलेल्या नमुन्याच्या पाट्या रस्त्यावर हव्यात, नाही तर त्या रस्त्याच्या प्रत्येक प्रवेशाशी, नजरेत भरेल अशा जागी, किमान १७ इंच बाय २२ इंचांची सूचना हवी, आणि तिची अक्षरे एक इंचापेक्षा लहान नकोत. एकीकडे ओझे नागरिकावर, दुसरीकडे नगरपालिकेवर. यांतले न्याय्य कोणते?

सम्राटाची बारीक अक्षरे

हा प्रश्न मोटारींपेक्षा फार जुना आहे. रोमचा सम्राट कॅलिग्युला (इ. स. ३७ ते ४१) याने नवे कर बसवले, पण ते लिहून कुठे लावले नाहीत. लोक न कळत नियम मोडू लागले आणि दंड भरू लागले. अखेर लोकांनी मागणीच केली, तेव्हा त्याने कायदा लावला खरा, पण अगदी अरुंद जागी आणि इतक्या बारीक अक्षरांत, की कुणाला त्याची नक्कल करून घेता येऊ नये. सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने ही हकिगत नोंदवली आहे. कायदा होता, पाटीही होती. फक्त ती लोकांनी वाचावी अशी इच्छा नव्हती.

याउलट हबक्कूक संदेष्ट्याला देवाने काय सांगितले ते आठवा (हबक्कूक २:२). जे दर्शन झाले ते पाट्यांवर असे स्पष्ट लिही, की धावत जाणाऱ्यालाही ते वाचता यावे. नहेम्याच्या ग्रंथातही (अध्याय ८) एज्रा शास्त्री सर्व लोकांसमोर, उंच लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी लोकांत फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगतात. देवाला आपला नियम लोकांना कळावासा वाटतो. कॅलिग्युलाला दंड हवा होता.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांची कायद्याची व्याख्या आम्ही पाठ केली होती. त्यांच्या मते कायद्याला चार गोष्टी लागतात. तो विवेकाला धरून हवा, सर्वांच्या हितासाठी हवा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो केलेला हवा, आणि चौथी गोष्ट म्हणजे तो जाहीर केलेला हवा. परीक्षेत आम्ही चारही मुद्दे लिहिले आणि गुण मिळवले. पण चौथा मुद्दा पहिल्या तिघांच्या पंक्तीत का बसवला, याचा विचार त्या वेळी केला नव्हता. जाहीर करणे हे तर कायदा झाल्यानंतरचे काम, असे आम्हाला वाटे.

आता या तरुणाच्या पावतीमुळे ते नीट कळले. खून करू नये, चोरी करू नये, हे सांगायला खांबावर पाटी लागत नाही. संत पौल रोमकरांना लिहितो त्याप्रमाणे (रोम २:१४-१५) ते माणसाच्या अंतःकरणातच लिहिलेले आहे. पण मंगळवारी सकाळी अमुक वाजता अमुक बाजूला गाडी लावू नये, हे कुणाच्या अंतःकरणात लिहिलेले नाही. तीच गाडी त्याच जागी बुधवारी लावली तर काहीच चूक नाही. कितीही सज्जन, कितीही हुशार माणूस असला तरी नुसत्या विचाराने त्याला मंगळवार सापडणार नाही. तो कुणी तरी ठरवला आहे, म्हणून ज्याने ठरवला त्यानेच तो सांगायला हवा. अशा नियमात पाटी ही शोभेची किंवा सोयीची वस्तू राहत नाही. ती त्या नियमाचाच एक भाग असते. सांगितलेच नाही तर नियम अर्धाच झाला, आणि अर्ध्या नियमाचा पूर्ण दंड घेणे हा अन्याय आहे.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हेच सांगितले. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये अफूविषयी एक कायदा ठराव करून मंजूर केला होता, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. ५० रुपयांचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकाल दिला, की जो कायदा लोकांना कळण्याची कोणतीही सोय केलेली नाही त्याखाली शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. हरलाची शिक्षा रद्द झाली.

नाण्याची दुसरी बाजू

इथेच थांबलो तर आपल्या तरुणाचे उत्तर सोपे होईल. पाटी दिसत नव्हती, म्हणून दंड अन्यायाचा, संपले! पण संत थॉमस इथे थांबत नाहीत. कायदा जाहीर होताना जे हजर नव्हते त्यांचे काय, या शंकेला ते उत्तर देतात, की दुसऱ्यांकडून तो त्यांना कळतो किंवा कळू शकतो, तेवढ्याने तेही बांधले जातात. "कळू शकतो" हे शब्द महत्त्वाचे आहेत. राज्यकर्त्याने सांगायचे, हे खरे. पण माणसानेही कान झाकून बसायचे नाही.

याचेही उदाहरण आपल्या जवळचेच आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिचहून मनिलाला निघालेले विमान मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर थांबले. त्यातील मायर हान्स जॉर्ज या जर्मन प्रवाशाच्या अंगावरच्या खास जाकिटात ३४ किलो सोने सापडले. अशा प्रवासी सोन्यासंबंधीचा नवा नियम त्याच महिन्यात, तो येण्याच्या जेमतेम काही दिवस आधी भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाला होता. परदेशी माणसाला तो कसा कळणार? मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने ठरवले, की नियम रीतसर प्रसिद्ध झाला होता आणि माहीत नव्हते हा बचाव होऊ शकत नाही. तरीही त्याने जितके दिवस तुरुंगात काढले होते तेवढ्यावरच शिक्षा थांबवली. दोष मानला, पण दंडाचा हात आखडता घेतला.

आपल्या चर्चचा कायदाही असाच तोल सांभाळतो. कॅनन लॉच्या सातव्या कलमानुसार कायदा जाहीर झाल्यावरच जन्माला येतो. आठव्या कलमानुसार सबंध चर्चसाठी केलेला कायदा रोमच्या अधिकृत पत्रात छापल्यावर साधारणपणे तीन महिन्यांनी लागू होतो, कारण जगभर बातमी पोचायला वेळ हवा. कायदा माहीत नव्हता हे सहसा गृहीत धरले जात नाही, असे पंधरावे कलम म्हणते. पण स्वतःचा काही दोष नसताना ज्याला खरोखरच माहीत नव्हते त्याला शिक्षा होत नाही, असे १३२३वे कलम सांगते. माणूस पाहून न्याय करायचा, हे त्यातले सूत्र.

म्हणून न्यूयॉर्कचा नियम आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. प्रत्येक गाडीपुढे एक पाटी कोणतेच शहर लावू शकत नाही. गाडी लावणाऱ्याने चार पावले चालून पाहावे ही अपेक्षा रास्त आहे. पण ती रास्त राहण्यासाठी एक अट आहे. चार पावले चालणाऱ्याला पाटी वाचता आली पाहिजे. फांदी वाढली, रंग उडाला, खांब वाकला, आणि दंड मात्र वेळेवर वसूल होत राहिला, तर कॅलिग्युलाची बारीक अक्षरे परत आली असे समजावे. शिवाय पाटी जुनी राहून तिचा अर्थही बदलू शकतो. २०२० च्या उन्हाळ्यात करोनाच्या काळात न्यूयॉर्कने ठरवले, की पाटीवर आठवड्याचे दोन दिवस लिहिलेले असले तरी त्यातला शेवटचाच दिवस धरावा. ५ जुलै २०२२ पासून पुन्हा सगळे दिवस लागू झाले. पाट्या त्याच. ज्याच्या घरी बातम्या पोचतात, ज्याला भाषा येते, त्याला कळले. नुकताच परदेशातून आलेल्याला शेजाऱ्याने सांगितले असेल तरच कळले असणार. आणि ६५ डॉलर सर्वांना सारखे नसतात. किमान वेतनावर राबणाऱ्याची ती सुमारे चार तासांची मजुरी आहे.

दोन वाक्ये

आता आपल्या तरुणाकडे वळू. त्याच्या अर्जात दोन वेगळी वाक्ये येऊ शकतात. "पाटी दिसत नव्हती" हे एक, आणि "मला माहीत नव्हते" हे दुसरे. पहिले वाक्य नगरपालिकेविषयी आहे आणि ते खरे आहे. दुसरे त्याच्या स्वतःविषयी आहे आणि ते खोटे आहे.

पहिले वाक्य लिहिण्यात पाप नाही. कायद्याने दिलेला बचाव घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. ती फांदी उद्या दुसऱ्या कुणालाही नडेल, म्हणून ते लिहिणे ही शेजारसेवासुद्धा आहे. धोका असा आहे, की आपण पहिले वाक्य लिहितो आणि वाचणाऱ्याने दुसरे समजून घ्यावे अशी मनात व्यवस्था करतो. संत ऑगस्टीन यांनी खोट्या बोलण्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे. त्यांच्या विचाराप्रमाणे खोटेपणा आधी मनात असतो, आपल्याला ठाऊक असलेल्याच्या उलट दुसऱ्याला भासवण्याच्या हेतूत असतो. नुसते खरे शब्द वापरल्याने तो हेतू धुतला जात नाही. आपल्यापैकी किती जण असे खरे शब्द वापरून वाटणीच्या, पावसाच्या पाण्याच्या, जमिनीच्या हद्दीच्या भानगडींत एकमेकांना फसवतात, हे आम्ही कार्यालयात बसून पाहत असतो.

शिवाय आणखी एक हिशेब राहतो. पाटी माणसाला सांगण्यासाठी असते, आणि त्याला तर आठ महिन्यांपूर्वीच सांगून झाले होते. लूकच्या शुभवर्तमानात (१२:४७-४८) प्रभू येशू दोन सेवकांची गोष्ट सांगतो. धन्याची इच्छा माहीत असून ज्याने ती पाळली नाही त्याला जास्त फटके, आणि ज्याला माहीत नव्हती त्याला थोडे. नगरपालिकेच्या दृष्टीने आपला तरुण कदाचित दुसरा सेवक ठरेल. स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीपुढे तो पहिला आहे, जरी विसरण्यात वाईट हेतू नव्हता.

पूर्वीचे काही नीतिशास्त्रज्ञ असे मानत, की काही कायदे केवळ दंडापुरते असतात. सापडलात तर दंड भरा, पण मोडल्याने मनाला डाग लागत नाही. फ्रान्सिस्को सुआरेझ (१५४८ ते १६१७) या येशूसंघीय पंडितानेही असे कायदे असू शकतात असे मानले होते. सेमिनरीत हा विचार आम्हा मुलांना फार आवडे! पण रस्ता झाडण्याच्या नियमाला तो लावला तर काय होते? दंड म्हणजे जणू भाडे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने ते मोजावेत आणि शेजाऱ्याच्या दारातला कचरा तसाच ठेवावा. हे आम्हाला पटत नाही. दंड माफ झाला तरी त्या मंगळवारी ती जागा झाडली गेली नाही, हे तसेच राहते.

हे सर्व आम्ही त्याला पुन्हा फोन करून सांगितले. पहिले वाक्य लिही, दुसरे लिहू नकोस. कुणी विचारलेच तर मंगळवार माहीत होता हे सांग. मग दंड माफ झाला तर निश्चिंत मनाने घे, नाही झाला तर कुरकुर न करता भर. "आणि काही झालं तरी तेवढा तुकडा एकदा स्वतः झाडून टाक," असे आम्ही हसत म्हणालो. तोही हसला.

आमची पाटी

इथे हा लेख संपला असता तर आम्हाला बरे वाटले असते. दुसऱ्याच्या गावची पाटी तपासणे सोपे असते.

गेल्या वर्षीच्या आपल्या चर्चच्या सणाचा दिवस आठवा. चर्चच्या मागच्या फाटकासमोर वाहन लावू नये असा आपला नियम आहे, कारण रुग्णवाहिका आली तर तोच रस्ता. नियम आम्हीच केला आणि तो योग्यच आहे. त्या दिवशी तिथे एक मोटारसायकल उभी होती. आमच्याच परवानगीने स्वयंसेवकांनी तिच्या चाकांतील हवा सोडली. मिस्सा संपल्यावर एक गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन बाहेर आले. ते आपल्या धर्मग्रामातले नव्हते, आईचा नवस फेडण्यासाठी लांबून आले होते. त्यांनी हवा गेलेली पाहिली, आम्हाला पाहिले, आणि हात जोडून म्हणाले, "फादर, चुकलो, पाटी पाहिली नाही." आम्ही त्यांना चार शब्द सुनावले आणि मोठ्या मनाने क्षमा केली. भर दुपारी ते गाडी ढकलत गेले, आई मागून चालत गेली.

तीन दिवसांनी मांडव उतरवताना सणाचा मोठा फलक खाली आला. त्याच्या मागे आपली पाटी होती. फलक कुठे बांधायचा ती जागा आम्हीच दाखवली होती.

ही गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नाही. त्या गृहस्थांचे नाव किंवा गाव आम्हाला माहीत नाही, त्यामुळे त्यांची क्षमा मागता आलेली नाही. क्षमा त्यांनी आमची करायची होती, आणि मागायला लावली आम्ही त्यांना. शास्त्र्यांना उद्देशून प्रभू येशूने उच्चारलेला धिक्कार (लूक ११:४६) आम्ही प्रवचनात कितीदा वापरला असेल. लोकांवर अवघड ओझी लादायची आणि स्वतः बोटही लावायचे नाही, असे तो त्यांना म्हणाला. त्या वेळी आमच्या डोळ्यांपुढे दुसरेच कुणी असायचे.

मग आम्ही स्वतःच्या इतर पाट्या पाहू लागलो. लग्नाची कागदपत्रे किती महिने आधी द्यावीत, बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी कोणता दाखला आणावा, अंत्यविधीसाठी कुणाला कळवावे, हे नियम आहेत आणि ते हवेतच. पण ते लिहिलेले आहेत कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर, कपाटाच्या बाजूला, बारीक टाइपात. कामावरून सुटून धावत आलेला माणूस ते दाराबाहेरून वाचू शकत नाही. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना मराठी वाचता येत नाही. ते येतात, चुकतात, आणि आमच्याकडून ऐकून घेतात. "एवढं कसं माहीत नाही तुम्हाला?" हे वाक्य या वर्षी आम्ही किती वेळा उच्चारले, ते मोजायची आम्हाला भीती वाटते.

घरातही असेच होत नाही का? वडिलांचा नियम मुलाला पहिल्यांदा कळतो तो थप्पड बसल्यावर. सासूची रीत सुनेला कळते ती चारचौघांत बोलणे ऐकल्यावर. ज्याला नियम करण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर तो आधी, स्पष्ट आणि प्रेमाने सांगण्याचे कर्तव्यही आहे. आणि ज्याला तो कळला आहे, त्याने "कुणी सांगितलं नाही" या आडोशाला उभे राहू नये.

पॅरिश कौन्सिलशी बोलून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. मागच्या फाटकाची पाटी आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल अशी लावली आहे, आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी कुणी तरी प्रत्यक्ष चालत जाऊन ती पाहील. कुणाच्याही वाहनाची हवा यापुढे सोडली जाणार नाही. मालकाला ध्वनिक्षेपकावरून बोलावले जाईल. कार्यालयाचे नियम मोठ्या अक्षरांत, मराठी, इंग्रजी आणि हिंदीत, बाहेरच्या व्हरांड्यात लागतील आणि महिन्यातून एकदा मिस्सेनंतर वाचले जातील. ज्याला नियम खरोखर माहीत नव्हता, त्याला पहिल्या वेळी बोलणी बसणार नाहीत. आम्ही हे विसरलो तर आम्हाला आठवण करून द्या.

तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत ते गृहस्थ असतील तर त्यांना एवढेच सांगा, की चूक त्यांची नव्हती. ते पुन्हा आले तर आम्ही स्वतः त्यांची क्षमा मागू. नाहीच आले, तर त्यांच्या आईचा नवस देवाने ऐकला असेल अशी आशा करू आणि मिस्सेत दोघांची आठवण करू.

त्या तरुणाच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. मात्र पुढच्या मंगळवारच्या आधी त्याने तो तुकडा झाडला, असे त्याने कळवले आहे. ओली पाने आणि कागदी पेले मिळून एक पिशवी भरली म्हणे.

प्रभू येशू तुम्हा सर्वांना, आणि परदेशी असलेल्या आपल्या मुलाबाळांना आशीर्वाद देवो.

तुमचे,
प्रमुख धर्मगुरू